दोन विहिणींचं फाटक

खालची कुरणवाडी, लोणी काळभोरजवळ
१२ नोव्हेंबर २०२४

सुमतीबाई मेढेकर स्मृती न्यास, पुणे, यांचे चिटणीस साहेब,

ओढाकाठ महिला गटाची अध्यक्ष शकुंतला गेनबा कुंजीर हिचा रामराम.

मार्केट यार्डात माझ्याकडून कोथिंबीर घेणाऱ्या एक बाई हायेत. त्यांनी तुमचा पत्ता आणि फोन नंबर दिला आणि सांगितलं, तुमचा न्यास गावाकडच्या छोट्या गटांना छोटं अनुदान देतो आणि त्याला छापील फॉर्म लागत न्हाई, हातानं लिहिलेलं पत्र चालतं. म्हणून लिहिते. मी सातवी शिकलेली हाय. चुकलंमाकलं समजून घ्या.

आमची वाडी ओढ्याच्या काठी. अंधार पडला की शहराकडून टेम्पो येतात आणि ओढ्यात कचरा ओतून जातात. पाडलेल्या घरांचा राडारोडा, लग्नाच्या पत्रावळ्या, फोमच्या गाद्या, काय म्हणाल ते. आत्ता तर मांडवाच्या कमानीतला एक थर्माकोलचा हत्ती आलाय. त्याला एकच कान हाय. गेल्या पावसाळ्यात ह्या सगळ्यानं ओढा तुंबला आणि पाणी खालच्या आळीत घराघरांत शिरलं. आमच्या गटातल्या चंपाच्या गॅसच्या शेगडीवर बेडूक बसला होता. ती अजून चहा ठेवायच्या आधी शेगडी वाकून बघती.

तक्रारी लई केल्या. ग्रामपंचायतीचं जुनं ऑफिस म्हणतं, तुम्ही आता शहरात गेलात. शहरातलं ऑफिस म्हणतं, तुमचे कागद अजून आले न्हाईत. म्हणजे आम्ही कुठंच न्हाई. फक्त कचरा टाकणाऱ्याला आम्ही बरोबर सापडतो.

ओढ्याकडं येणारी गाडीवाट एकच हाय. तिच्यावर लोखंडी फाटक बसवायचं हाय, आणि तेही पावसाच्या आत. वेल्डर गावातलाच. तेवढ्यापुरतं द्या. येत्या पावसात पाणी परत घरात शिरलं तर खालच्या आळीतली अर्धी माणसं भाड्यानं हडपसरला जाऊ म्हणतायत. मग गट कुणाचा आणि वाडी कुणाची.

तुमची,
शकुंतला कुंजीर


पुणे ३०
२० नोव्हेंबर २०२४

श्रीमती शकुंतला कुंजीर यांस,

पत्राच्या आरंभीचे शिष्टाचार गृहीत धरावेत. त्याने टपालाचे वजन वाढते.

आपला अर्ज पोचला. अक्षर सुवाच्य आहे. हे कौतुक नाही, नोंद आहे. याच आठवड्यात एका उच्चविद्याविभूषित गृहस्थांचा अर्ज आला, तो वाचून घ्यायला मला औषधाच्या दुकानात जावे लागले.

आमचा न्यास लहान आहे. म्हणजे मी, एक कपाट आणि तीन विश्वस्त, त्यांपैकी एक सभेत झोपतात. कै. सुमतीबाई शाळेत शिकवत. ज्यांना फॉर्म भरता येतो त्यांना पैसे कुठूनही मिळतात, असे त्यांचे मत होते, म्हणून त्यांनी फॉर्म ठेवला नाही. एकच नियम ठेवला: पैसे देण्याआधी चिटणिसाने जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. त्यानुसार मी रविवार, १ डिसेंबर रोजी सकाळी दहा वाजता ओढा पाहण्यास येईन.

कृपया सत्कार करू नये. हार, शाल किंवा नारळ दिसल्यास मी आल्या पावली परत जातो. पाणी आणि पोळीभाजी मी बरोबर आणतो. जे जसे आहे ते तसे पाहायचे आहे.

आपला,
दत्तप्रसाद मेहेंदळे
मानद चिटणीस

ता. क. आपल्या गटाकडून माझ्या फोनवर रोज सकाळी गुलाबाचे फूल येते. ते अर्जाचा भाग म्हणून धरलेले नाही.


पुणे ३०
३ डिसेंबर २०२४

श्रीमती कुंजीर यांस,

पाहणीचा निष्कर्ष कळवतो. ओढ्यात कचरा आढळला नाही.

काठाला सडा घातलेला होता. सड्यावर रांगोळी होती आणि रांगोळीत 'सुस्वागतम्' होते. ओढ्याला फिनेलचा वास येत होता. वाहत्या पाण्यात फिनेल टाकणारे गाव मी प्रथमच पाहिले. अर्जानुसार जिथे राडारोडा हवा होता तिथे सतरंजी होती, सतरंजीवर खुर्ची आणि खुर्चीवर नवा टर्किश टॉवेल. हार नको असे मी कळवले होते. त्याचा मान राखून तो माझ्याऐवजी खुर्चीला घातला होता, हे माझ्या लक्षात आले.

हत्ती कुठे आहे असे मी तिथल्या भगिनींना विचारले. 'चहा घ्या' असे उत्तर मिळाले. पुन्हा विचारले, पुन्हा चहा. पाहणी संपेपर्यंत मी इतका चहा प्यायलो की त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

नसलेल्या कचऱ्यासाठी न्यास फाटक देऊ शकत नाही. सबब अर्ज नामंजूर. पोहे उत्तम होते, जरी ते मी मागितले नव्हते.

दत्तप्रसाद मेहेंदळे


खालची कुरणवाडी
९ डिसेंबर २०२४

साहेब,

तुमचं पत्र आलं आणि मला जेवण गेलं न्हाई. गटात वाचून दाखवलं तर चंपा म्हणाली, म्हणजे आपण साफ केलं म्हणून नापास? मी म्हणलं, व्हय.

आता तुम्हीच सांगा, पाहुणा येणार म्हणल्यावर घाण तशीच ठेवायची? लोक तोंडात शेण घालतील. पुण्यात तुम्ही पाहुण्याला दारातला कचरा दाखवत असाल, आमच्यात तशी पद्धत न्हाई. तुम्ही येणार कळल्यापासून गटातल्या सगळ्या बाया हात धुऊन मागं लागल्या. फावडी, घमेली, नवऱ्यांना सुद्धा लावलं कामाला. आमचे मालक गेनबा आयुष्यात पहिल्यांदा वाकले. माझ्या लेकीचे मालक इंद्रजीत, त्यांचा टेम्पो हाय. जावई लई गुणाचे. सासूनं शब्द टाकला की 'बरं मामी' म्हणतात आणि गाडीला चावी लावतात. सगळा माल त्यांनीच नेला. कुठं नेला ते विचारू नका. लांब नेला.

टेम्पो गेल्यावर ओढा मोकळा दिसला आणि खरं सांगते, मला रडू आलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो असाच होता. तळातले गोटे दिसायचे. त्या आनंदात आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई की साहेब घाण बघायलाच येतायत.

एकदा चुकलं. परत या. ह्या वेळेला झाडूला हात लावणार न्हाई, शब्द देते.

शकुंतला कुंजीर


पुणे ३०
१९ डिसेंबर २०२४

श्रीमती कुंजीर यांस,

आपले स्पष्टीकरण वाचले. ते इतके अडाणीपणाचे आहे की खरेच असावे. फेरविचार करता येईल. मात्र मध्येच एक अडचण उपस्थित झाली आहे.

वरची कुरणवाडी येथून सरुबाई तुपे यांचा अर्ज आला आहे. त्यांच्या संस्थेचे नाव 'आदर्श ओढाकाठ महिला गट'. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला नोव्हेंबरच्या अखेरीस एका दिवसात डोंगराएवढा कचरा येऊन पडल्याचे त्या लिहितात. राडारोडा, पत्रावळ्या, फोमच्या गाद्या. त्यांनाही फाटकच हवे आहे. अर्जाच्या शेवटी त्या म्हणतात, 'आणि एक थर्माकोलचा हत्ती हाय, एका कानाचा.'

हवेली तालुक्यात हत्ती आढळत नाहीत, एका कानाचे तर नाहीतच. वन खात्याला पत्र टाकण्याआधी आपल्याला विचारतो. या सरुबाई आपल्या परिचयाच्या आहेत काय? मी ५ जानेवारीला, रविवारी, त्यांची जागा पाहण्यास जात आहे. तसे त्यांना कळवले आहे.

दत्तप्रसाद मेहेंदळे


खालची कुरणवाडी
२६ डिसेंबर २०२४

साहेब,

परिचयाच्या म्हणजे काय, ती माझी विहीण हाय. माझी ऋतुजा तिच्या इंद्रजीतला दिली. लग्नात मी मानपानात काडीचं कमी केलं न्हाई, तरी बाई मांडवात म्हणाली, 'जिलबी जरा चिवट झाली न्हाई का?' ऋतुजाला आता लेक झाली, ती शाळेत जायला लागली, अजून जिलबी चिवटच हाय.

गटाचं सुद्धा तसंच. आम्ही ओढाकाठ गट काढला, महिन्याभरात तिनं आदर्श ओढाकाठ काढला. आमच्या गटात काय आदर्श न्हाई, हे तिनं तेवढ्यात सांगून टाकलं.

आता हत्तीचं. लपवून उपयोग न्हाई. हत्ती आमचाच. मी जावयांना म्हणाले होते, लांब न्या. त्यांना त्या दिवशी मांडववाल्याचं भाडं होतं, घाई होती. त्यांनी वरच्या वाडीत ओढ्याकाठी स्वतःच्या रानाच्या कडेला नेऊन रिकामं केलं. म्हणजे आईच्या दारात. मला ते तुमच्या पत्रातून कळलं. जावयाला बोलता येत न्हाई, म्हणून लेकीला बोलले. लेक म्हणाली, तू सांगितलंस म्हणून नेलं. ते पण खरं.

पण माझं ऐका, तिला फाटक देऊ नका. ती वर फाटक घालील आणि टेम्पो सगळे माझ्याकडं वळतील. माझ्या आळीत पाणी शिरलं तर ती वर बसून बघील. वाईट वाटून घेईल, पण बघील.

शकुंतला कुंजीर


वरची कुरणवाडी
८ जानेवारी २०२५

चिटणीस साहेब यांना सरुबाई तुपे यांचा नमस्कार.

तुम्ही रविवारी आलात, ओढा बघितलात, 'हं' म्हणालात आणि शिऱ्याला हात न लावता पायवाटेनं खाली निघून गेलात. आमच्या दारातून पाहुणा तोंड गोड न करता जाण्याची ही पहिलीच वेळ. गटातल्या बायकांना लई लागलं ते.

ओढा स्वच्छ होता म्हणून तुम्ही नाराज झालात असं कळलं. आता दारात विहिणीचा हत्ती ठेवून मी पाहुण्याला सामोरी जाऊ का? इंद्रजीतला म्हणलं, ज्याचा माल त्याला पोचव. त्यानं आदल्या दिवशी सगळा माल खाली नेऊन ठेवला. खाली गेल्यावर तुम्हाला तो दिसला म्हणे. दिसणारच. तिचाच हाय तो.

मी मुलाची आई. माझा अर्ज आधी बघावा.

सरुबाई तुपे

ता. क. सर, मी ऋतुजा. आत्याबाई सांगतात, मी लिहिते, आणि हा भाग त्यांना माहीत नाही. प्लीज काहीतरी करा. खाली माझी आई, वर माझी सासू. दोघींपैकी कुणीही फोन केला की हे टेम्पो काढतात, कारण ह्यांना दोघींनाही नाही म्हणता येत नाही. डिझेल आमचं जातं. मुलीने शाळेत 'माझे बाबा' निबंधात लिहिलंय की माझे बाबा हत्ती ने-आण करतात. टीचरना वाटलं सर्कस आहे.


पुणे ३०
१६ जानेवारी २०२५

श्रीमती शकुंतला कुंजीर व श्रीमती सरुबाई तुपे यांस,

हे पत्र मी दोन प्रतींत लिहीत आहे, म्हणजे 'तिला आधी मिळाले' हा मुद्दा राहणार नाही.

माझ्या नोकरीच्या काळात मी बँकेच्या अनेक शाखा तपासल्या. एकच माल दोन ठिकाणी तारण दाखवण्याचा प्रकार मला ठाऊक आहे. एकच माल दोन्ही ठिकाणी लपवण्याचा प्रकार मी प्रथमच पाहतो आहे.

मी दोन वेळा आलो. दोन्ही वेळा ज्यांच्याकडे आलो त्यांनी कचरा दुसरीच्या दारात लोटला. आता असे पाहा. पुण्यात कुणीतरी नेमके हेच केले. त्याच्याकडेही पाहुणे यायचे असतील, म्हणून त्याने घर साफ केले आणि कचरा कुरणवाडीच्या ओढ्यात पाठवला. त्याच्यावर आपण चिडता. मीही चिडलो आहे. परंतु मग आपल्या दोघींना वेगळे काय म्हणावे, हे मला सुचत नाही.

विश्वस्तांचा निर्णय असा. ओढा एक, म्हणून अनुदानही एक. गाडीवाट दोन्ही वाड्यांच्या शिवेवरून जाते, हे मी चालताना पाहिले आहे. फाटक त्या शिवेवर बसवावे. त्यासाठी दोन्ही गटांनी मिळून एक अर्ज करावा, त्यावर दोघींची सही असावी. अर्ज मार्चच्या आधी यावा. उशीर झाल्यास पैसे पुढील वर्षी, आणि पाऊस तोवर थांबेल याची हमी न्यास देत नाही.

दत्तप्रसाद मेहेंदळे


खालची कुरणवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

साहेब,

तुमचं ते पत्र मी गटात वाचलं न्हाई. एकटीनंच वाचलं. लई झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं.

तरीपण लगेच काय जमलं न्हाई. आधी कोण कुणाच्या घरी जाणार त्यावर अडलं. ती म्हणे, मुलीच्या आईनं यावं. मी म्हणलं, एका अटीवर येते, जिलबीचं नाव काढायचं न्हाई. ती म्हणे, अटी घालून कोण येतं का. मग ऋतुजानं सांगितलं, दोघी शिवेवर भेटा, म्हणजे कुणीच कुणाकडं आलं असं होत न्हाई. भेटलो. मग वर नाव कुणाचं लिहायचं त्यावर अडलं. ती दगडावर बसली, मी त्याच्याहून उंच दगड बघून बसले. वाद चालू, आणि मधे तो हत्ती. गेला महिनाभर तो शिवेलगत माझ्या बाजूलाच होता, गटातल्या बायांनी त्यावर वाळवणाची फडकी टाकायला सुरुवात केली होती.

सरुबाई बोलता बोलता उठून हत्तीजवळ गेली. मग म्हणाली, 'शकू, ह्याचा भाऊ मी बघितलाय.' हायवेवरच्या एका लॉन्सवर ती लग्नाला गेली होती. तिथं कमानीला डाव्या अंगाला अस्साच हत्ती, दोन कानांचा. उजवी बाजू मोकळी.

मी म्हणलं, म्हणजे हा त्यांचा राहिलाय आपल्याकडं. ती म्हणाली, कुणाची वस्तू राहिली तर परत करायला नको का?

साहेब, त्या दिवसापासून आम्ही नावाचं भांडण विसरलो. तिथं लग्न कधी हाय ते जावयांनी मांडववाल्याकडून काढलं. परवा लग्नतिथीला दोन्ही गटांच्या बाया नऊवारी नेसून, नथ घालून निघाल्या. टेम्पोत मधे हत्ती उभा. त्याला हळदीकुंकू लावलं, गळ्यात हार घातला, तुटलेल्या कानाच्या जागी मोगऱ्याचा गजरा बांधला. बाकी राडारोड्याची आणि पत्रावळ्यांची एकेक पाटी वर रुमाल टाकून आहेरासारखी मांडीवर धरली.

लॉन्सच्या दारात पोचलो तर बँडवाल्यांना वाटलं वराकडचं वऱ्हाड आलं. वाजवायला लागले. वधूच्या मावशीनं पुढं येऊन आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, सरुबाईला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं. तिथला मॅनेजर, केयूर नावाचा सुटाबुटातला पोरगा, पळत आला. मॅडम, यू आर फ्रॉम व्हिच साइड, म्हणाला. सरुबाई म्हणाली, 'ओढ्याकडच्या.' मी म्हणलं, तुमचा हत्ती आमच्याकडं राहिला होता, आहेर घेऊन परत करायला आलोय. तो म्हणाला, हा आमचा न्हाईच. तोवर जावयांनी हत्ती उचलून कमानीच्या उजव्या अंगाला ठेवला सुद्धा. जोडी बरोबर जमली. फोटोवाल्यानं पटापट फोटो काढले, पाहुण्यांनी मोबाईल वर केले.

आम्ही एक वाकडा शब्द बोललो न्हाई. शुभकार्यात बोलायचं नसतं. फक्त पाट्यांवरचे रुमाल काढले आणि विचारलं, हे कुठं ठेवू, तुमचंच हाय. केयूरला घाम फुटला. कचरा आम्ही कंत्राटदाराला देतो, तो कुठं टाकतो आम्हाला माहिती न्हाई, म्हणाला. सरुबाई म्हणाली, मग त्याला बोलवून घे बाळा, आम्ही बसतो, आम्हाला घाई न्हाई. आणि खरंच बसली. वधूच्या बापाला सगळं कळलं तेव्हा तो आमच्यापेक्षा त्या केयूरवर तापला. आम्हाला मात्र म्हणाला, आलाच आहात तर जेवून जा. लग्नात न्हाई म्हणू नये म्हणून जेवलो. जिलबी होती. सरुबाईनं एक तुकडा तोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, 'ही चिवट.' साहेब, मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची माणसं येऊन ओढ्यातला सगळा माल उचलून गेली. आमच्या समोर वजनकाट्याची पावती दाखवून गेली. पण तो एक झाला. बाकीचे टेम्पो अंधारात येतातच. फाटक लागणारच.

सोबत अर्ज जोडलाय. वर माझं नाव न्हाई, तिचं पण न्हाई. 'दोन्ही विहिणी, कुरणवाडी' असं लिहिलंय. खाली दोघींची सही हाय. चालेल का कळवा.

शकुंतला कुंजीर


पुणे ३०
१ मार्च २०२५

दोन्ही विहिणी, कुरणवाडी यांस,

लग्नसमारंभात परवानगीवाचून हत्ती नेण्याच्या कृत्यास न्यासाचा कोणताही पाठिंबा नाही, असे मी इतिवृत्तात लिहिले आहे. ते मोठ्याने वाचून दाखवताना मला हसू आवरले नाही. नेहमी झोपणारे विश्वस्त जागे झाले आणि त्यांनी आपले पत्र पहिल्यापासून वाचायला लावले.

अर्ज एकमताने मंजूर. पहिला हप्ता गटांच्या खात्यात जमा होईल. शेवटचा हप्ता फाटक बसल्यानंतर, मी ते येऊन पाहिल्यावर.

माझ्या १६ जानेवारीच्या पत्रातील भाषा कठोर होती. ती मागे घेत नाही. परंतु तसे पत्र मिळाल्यावर मी स्वतः काय केले असते याचा विचार केला. मी उत्तर देणे बंद केले असते. आपण तसे केले नाहीत.

दत्तप्रसाद मेहेंदळे


खालची कुरणवाडी
२८ मे २०२५

साहेब,

फाटक बसलं. हिरवा रंग दिलाय. वेल्डरनं लई मजबूत केलंय, बैल धडकला तरी हलणार न्हाई.

किल्ली कुणाकडं ठेवायची त्यावर मात्र परत वाजलं. मी म्हणलं माझ्याकडं, कारण पाणी माझ्या आळीत शिरतं. ती म्हणाली माझ्याकडं, कारण टेम्पो माझ्या पोराचा हाय, त्यालाच आत सोडायचा का न्हाई ते मी बघीन. खरं सांगायचं तर दोघींच्या मनात एकच भीती. आपण झोपलो आणि दुसरीनं कुणाला तरी आत सोडलं तर? हत्तीनंतर आम्ही एका ताटात जेवतो, पण एवढा विश्वास अजून बसला न्हाई.

म्हणून फाटकाला दोन कुलपं घातली. एकाची किल्ली माझ्याकडं, एकाची तिच्याकडं. दोघी असल्याशिवाय फाटक उघडत न्हाई. माणसाला जायला बाजूनं फट हाय, पण आमच्याच मापाची हाय. रोज सकाळी बैलगाडी रानात सोडायला दोघी फाटकावर जातो. तिथंच चहा घेतो. चहावरनं पण ती बोलते, पण ते असू द्या.

जावयांचा टेम्पो बाहेर उभा असतो. ऋतुजा म्हणते, डिझेल वाचलं.

पाऊस तोंडावर आलाय. तुम्ही बघायला कधी येता ते कळवा.

शकुंतला कुंजीर


पुणे ३०
७ जुलै २०२५

दोन्ही विहिणी, कुरणवाडी यांस,

या वेळी मी मुद्दामच कळवले नाही. काल, रविवारी, भर पावसात, रिक्षा करून आलो.

फाटक बंद होते. दोन कुलपे पाहिली. आवाज दिला. श्रीमती शकुंतला धावत आल्या, त्यांनी आपले कुलूप काढले आणि हात जोडून सांगितले की सरुबाई मार्केट यार्डात भेंडी घेऊन गेल्या आहेत, किल्ली त्यांच्या कमरेला आहे, दुपारपर्यंत येतील. माणसासाठी ठेवलेली फट मी आजमावून पाहिली. माझ्या पोटाने साथ दिली नाही. रिक्षावाल्याने फाटकाला खांदा लावून पाहिला. मग तो म्हणाला, 'काका, हे आपल्या बापाला उघडत नाही.'

मी विनवणी केली. मी न्यासाचा चिटणीस आहे, याच फाटकाचे पैसे माझ्या सहीने आले आहेत, असेही सांगितले. श्रीमती शकुंतला यांचा चेहरा रडवेला झाला होता. पाहुणा पावसात उभा आहे आणि त्याला आत घेता येत नाही, याचे त्यांना किती वाईट वाटत होते ते मला दिसत होते. त्यांनी गजांमधून चहा दिला, पोहे दिले, छत्री दिली. पण शेजारच्या रानातून वळसा घालून आणते, असे त्यांनी म्हटले नाही. फाटकाला दुसरा रस्ता आहे हे कुणालाच दाखवायचे नाही असे दोघींत ठरले आहे, एवढेच सांगितले. पूर्वी ज्यांनी माझ्यासाठी ओढ्याला फिनेल लावले, त्यांनी काल मला बाहेर उभे ठेवले.

मी उभ्यानेच पोहे खाल्ले. गजांतून ओढा दिसत होता. पाऊस चांगला होता, पाणी जोरात होते आणि ते सगळे ओढ्यातून जात होते. पलीकडे खालच्या आळीत दारे उघडी होती. एका उंबऱ्यावर एक बाई बसून लसूण सोलत होती. त्या चंपाबाई असल्याचे मला सांगण्यात आले. मला फार आनंद झाला, हे मी लेखी देतो.

पाहणी अहवाल पुढीलप्रमाणे विश्वस्तांना सादर केला आहे: 'मला आत जाता आले नाही. फाटक व्यवस्थित काम करते. शेवटचा हप्ता मंजूर.'

आपला,
दत्तप्रसाद मेहेंदळे